‘दरवर्षी सीए-१२५ करून घ्या’: फिरत्या मेसेजमधला एकेक दावा

बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून उगवतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. पॅप स्मिअरमध्ये अंडाशयाचा कॅन्सर कळत नाही. सीए-१२५ ही रक्ताची साधी तपासणी तो वेळेत पकडते. आकडा ३५च्या वर म्हणजे कॅन्सर, खाली म्हणजे निर्धास्त. डॉक्टर ही तपासणी मुद्दाम सांगत नाहीत, तेव्हा हट्ट धरा आणि सोनोग्राफीसकट दरवर्षी करून घ्या. इंग्रजीत हा मजकूर ईमेलच्या जमान्यापासून फिरतो आहे. पाठवणारीला काळजी असते, म्हणूनच ती पाठवते. पण यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं आहे. बाकीची मनावर घेतली, तर नसलेल्या रोगासाठी पोट उघडण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

“पॅप स्मिअरमध्ये अंडाशयाचा कॅन्सर कळत नाही.”

बरोबर. पॅप स्मिअरमध्ये गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेतात. अंडाशयांचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र ‘मग पॅप कशाला करायची’ असा अर्थ कुणी काढत असेल, तर तो घातक आहे. त्याबद्दल शेवटी.

“सीए-१२५ कॅन्सर सुरुवातीलाच पकडते.”

सीए-१२५ हे एक प्रथिन आहे. पोटाचं आतलं अस्तर, फुप्फुसाचं आवरण, हृदयाचं आवरण, गर्भनलिका, पिशवीचं अस्तर, या सगळ्यांच्या पेशी ते बनवतात. यातल्या कशालाही सूज आली, ते चिघळलं किंवा त्यावर गाठी आल्या, की रक्तातलं प्रमाण वाढतं. ते ओळखणारी अँटिबॉडी अमेरिकन संशोधक रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. १९८३च्या त्यांच्या शोधनिबंधाचा विषय होता, निदान झालेल्या रुग्णांच्या आजाराचा चढउतार रक्तावरून कसा ताडायचा. त्यात अंडाशयाच्या कॅन्सरच्या १०१ रुग्णांपैकी ८३ जणींत आकडा ३५च्या वर होता आणि ८८८ निरोगी माणसांपैकी सुमारे १ टक्क्यात. आज प्रत्येक रिपोर्टवर छापलेला ३५ तिथून आला.

रोग पोटभर पसरलेला असताना दहापैकी आठहून जास्त जणींत आकडा चढतो. तो अजून अंडाशयापुरता असताना, म्हणजे पहिल्या टप्प्यात, जेमतेम निम्म्या जणींत. म्हणजे जिथे पकडायला हवा, नेमका तिथेच ही तपासणी कच्ची पडते. म्यूसिनस, म्हणजे आत चिकट स्राव असलेल्या प्रकारच्या गाठी बऱ्याचदा आकडा हलूही देत नाहीत. मुली आणि तरुणींमध्ये होणारे जर्म सेल ट्यूमर (अंडपेशी घडवणाऱ्या पेशींपासूनच्या गाठी) तर एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या वेगळ्याच तपासण्यांत दिसतात. १८ वर्षांच्या मुलीच्या अंडाशयात भरीव गाठ दिसली आणि फक्त सीए-१२५ केली, तर ती तपासणी अपुरी आहे.

“३५च्या वर म्हणजे कॅन्सर.”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. पाळी चालू असताना रक्त दिलं, आकडा वाढू शकतो. गरोदरपणाचे पहिले महिने, चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात होणारी रक्ताची गाठ), फायब्रॉइड, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, लिव्हर सिरॉसिस, हार्ट फेल्युअर, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन, कशानेही. पाळी येणाऱ्या वयात वाढलेल्या आकड्यामागे कॅन्सरपेक्षा असलंच काहीतरी असण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे या यादीत एक मोठं नाव घालावं लागतं: पोटाचा टीबी. बाईचं पोट फुगलंय, वजन उतरलंय, भूक नाही, संध्याकाळी कसकस. सोनोग्राफीत पोटात पाणी आणि अंडाशयाशी गोळा. सीए-१२५ चारशे-पाचशे. हे चित्र कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यासारखं हुबेहूब दिसतं. घाईनं पोट उघडलं, तर आत तांदळाच्या दाण्यांएवढ्या टीबीच्या पुळ्या दिसतात आणि अंडाशय-पिशवी काढून झाल्यावर रिपोर्ट येतो. हे टाळायचं, तर आधी पोटातलं पाणी काढून त्यातल्या पेशी आणि एडीए, म्हणजे टीबीत वाढणारं एक विकर, तपासतात. एडीए साधारण ३९च्या वर असेल तर टीबीचा संशय बळावतो. पाण्यात कॅन्सरच्या पेशी नसतील, तर सोनोग्राफी-सीटीच्या मदतीनं सुईनं किंवा दुर्बिणीतून पोटाच्या अस्तराचा तुकडा घेतात. इथे एक चूक वारंवार होते: सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रावणात जातो. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग जंतू वाढवून बघायचं कल्चर कसलं करणार? अर्धा तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा पाठवायला हवा. पाण्याची सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असंही ठरत नाही. या पाण्यात जंतू मुळातच विरळ असतात. निदान टीबीचं झालं, तर सहा महिन्यांच्या गोळ्यांनी पाणीही जातं आणि सीए-१२५ही उतरतो.

आता हिशोब. पाळी गेलेल्या १०,००० बायका घ्या आणि त्यांच्यापैकी ४ जणींना हा कॅन्सर आहे असं धरा. तपासणीनं ४ पैकी ३ पकडल्या असंही उदारपणे मान्य करू. उरलेल्यांत फक्त १ टक्का खोटे ‘वाढलेले’ आले, तरी ते शंभर होतात. हातात १०३ घाबरलेल्या बायका, त्यांत कॅन्सरच्या ३. आणि या तपासणीनंतरची पुढची पायरी पुष्कळदा ऑपरेशन असते.

“दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफी केली तर जीव वाचतो.”

तर्काला पटतं, म्हणून हे प्रयोग करून पाहिलं गेलं, आणि फार मोठ्या प्रमाणावर. अमेरिकेत पीएलसीओ अभ्यासात ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ बायका होत्या. निम्म्यांची सहा वर्षं दरवर्षी सीए-१२५ आणि चार वर्षं योनीमार्गे सोनोग्राफी. २०११ साली निकाल आला: तपासणी केलेल्या गटात अंडाशयाच्या कॅन्सरनं ११८ मृत्यू, न केलेल्या गटात १००. खोटे पॉझिटिव्ह ३,२८५. त्यांतल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं आणि १६३ जणींना त्यातून किमान एक गंभीर गुंतागुंत झाली. यातल्या एकीलाही अंडाशयाचा कॅन्सर नव्हता.

ब्रिटनमधल्या यूकेसीटीओसीएस अभ्यासात, उषा मेनन आणि इयान जेकब्स यांच्या नेतृत्वाखाली, दोन लाखांवर बायका होत्या, तीन गटांत: एकाची दरवर्षी सीए-१२५, दुसऱ्याची नुसती सोनोग्राफी, तिसऱ्याची काहीच तपासणी नाही. सीए-१२५च्या गटात ३५चा ठोकताळा वापरलाच नाही. प्रत्येकीचा आकडा तिच्याच आधीच्या आकड्यांशी ताडला, म्हणजे १२चा २४ झाला तरी यंत्रणा जागी होत होती. याहून हुशारीनं सीए-१२५ वापरणं अवघड आहे. या गटात पहिल्या टप्प्यातले कॅन्सर जास्त सापडले, चौथ्या टप्प्यातले कमी झाले. तरीही सरासरी सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ साली, तिन्ही गटांत या कॅन्सरनं झालेले मृत्यू सारखेच निघाले: ०.६ टक्के.

लवकर सापडूनही जीव का वाचला नाही? सर्वांत घातक प्रकार, हायग्रेड सिरस, बहुतेक वेळा अंडाशयात सुरूच होत नाही. तो गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकावर सुरू होतो. ते टोक पोटाच्या पोकळीत उघडं असतं. तिथल्या पेशी अंडाशय सुजायच्या आधीच पोटभर सांडतात. सोनोग्राफीत दिसेपर्यंत आणि रक्तात आकडा चढेपर्यंत पळवाट बंद झालेली असते. निदानाची तारीख अलीकडे आली, मृत्यूची हलली नाही.

“नॉर्मल आला तर वर्षभर निर्धास्त.”

अजिबात नाही. पोट सतत फुगल्यासारखं वाटणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला जाणं: हे नव्यानं, गेल्या वर्षभरात सुरू झालेलं असेल आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर दाखवायलाच हवं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच ‘गॅसेस’ सुरू झाले तर ते गॅसेस आहेत असं धरून चालू नये. अशा वेळी मागच्या महिन्यातला ‘२२, नॉर्मल’ दाखवून अँटासिड घेत बसलेल्या बाईचे महिने वाया जातात.

“डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत.”

लक्षणं नसलेल्या, घरात इतिहास नसलेल्या बाईला ही तपासणी करू नका, अशी अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाची स्पष्ट शिफारस आहे, ती वरच्या आकड्यांमुळे. आणि पैशाचाच संशय घ्यायचा, तर उलट बाजूनं घ्या: महिला आरोग्य पॅकेजमध्ये सीए-१२५ घालणं लॅबला परवडतं. कॅन्सरच्या भीतीला आपल्याकडे बाजारभाव आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, राज्य सरकारला समिती नेमावी लागली. ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ हे तिथेही सांगितलं गेल्याच्या तक्रारी होत्या. अंडाशय आणि नलिका आत ठेवून नुसती पिशवी काढली, तर हा कॅन्सर टळत नाही.

मग सीए-१२५ कुठे वापरायची? लक्षणं असताना, किंवा सोनोग्राफीत गाठ दिसल्यावर. गाठीचा धोका मोजायला आरएमआय हा जुना, सोपा गुणाकार आहे: सोनोग्राफीचे गुण × पाळीचे गुण × सीए-१२५. सोनोग्राफीत पाच गोष्टी बघायच्या: अनेक कप्पे, भरीव भाग, दोन्ही बाजूंना गाठ, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याच्या खुणा. एकही नाही तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी येत असेल तर १, गेली असेल तर ३. पाळी गेलेली बाई, भरीव भाग आणि पाणी, सीए-१२५ फक्त ४५: ३ × ३ × ४५ = ४०५. तिशीतली बाई, कप्पे असलेली एकच गाठ, सीए-१२५ तब्बल १५०: १ × १ × १५० = १५०. दोनशेच्या वर गेलेलीला कॅन्सर सर्जनकडे पाठवायचं. म्हणजे ४५वाली पुढे जाते, १५०वाली थांबते. मेसेजचं गणित इथे उलटं पडतं.

संशयित गाठीत सुई घालून ‘पाणी काढून बघू’ हे मात्र कधीही होऊ देऊ नये. गाठ एका अंडाशयापुरती, आवरण शाबूत, तर टप्पा १-ए. सुईनं किंवा ऑपरेशनमध्ये ती फुटून आतलं पोटात सांडलं, की १-सी, आणि मग कदाचित टळू शकली असती ती केमोही पदरात पडते.

उपचारांनंतरही आकड्याच्या मागे लागण्याला मर्यादा आहे. रोग आटोक्यात आलेल्या आणि नंतर सीए-१२५ चढलेल्या ५२९ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. आकडा चढताच केमो दिलेल्यांचं आयुर्मान सरासरी २५.७ महिने, लक्षणांची वाट पाहिलेल्यांचं २७.१. लवकर दिलेल्यांची केमो सुमारे पाच महिने आधी सुरू झाली, फायदा शून्य आणि त्रास आधीपासून. ज्यांचं परत ऑपरेशन होऊ शकतं अशा निवडक रुग्णांत आज हिशोब वेगळा मांडतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आकडे ताडायचेच असतील, तर एकाच लॅबचे. किट बदललं की आकडाही बदलतो.

मेसेजमध्ये जे नाही आणि असायला हवं होतं, ते म्हणजे घरातला इतिहास. आई, बहीण, मावशी, आत्या यांना अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर बीआरसीए जनुकाची चाचणी विचारात घ्यावी, आणि शक्य असेल तर आधी आजारी व्यक्तीची. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर आयुष्यभराचा धोका ४० टक्क्यांच्या आसपास जातो. मुलंबाळं झाल्यावर, ३५ ते ४० वयात नलिका आणि अंडाशय काढून टाकतात. बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५पर्यंत थांबता येतं. काढलेलं पाठवताना पॅथॉलॉजिस्टला ‘बीआरसीए’ हा शब्द फॉर्मवर लिहून कळवावा लागतो. मग नलिकेचं टोक बारीक काप घेत पूर्ण तपासलं जातं. नेहमीसारखे दोन-तीन काप पाहिले तर तिथला मिलिमीटरभर कॅन्सर हुकतो.

आणि पॅप. चाळणी तपासणीनं जीव वाचतो हे स्त्रियांच्या ज्या कॅन्सरमध्ये ठामपणे सिद्ध झालं, तो गर्भाशयमुखाचा, आणि त्यातला एक मोठा पुरावा मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या साथीनं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एचपीव्ही या, गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात ३४ मृत्यू, काहीच न केलेल्या गटात ६४. तपासणीविना ठेवलेल्या त्या गटावर नंतर नैतिक आक्षेप घेतले गेले, ते योग्यच होते. मुंबईत टाटा मेमोरियलनं वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून व्हीआयए तपासणी केली: गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उमटतो का बघायचं. दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादेत व्हीआयए एकदाच केली होती, तिथे असा फरक दिसला नाही. शिवाय पाळी गेल्यावर गर्भाशयमुखाचा बदलणारा भाग आत सरकतो आणि पांढरा चट्टा नजरेलाच पडत नाही. म्हणून पन्नाशीच्या पुढे व्हीआयए ‘निगेटिव्ह’ आली तरी तेवढ्यावर न थांबता एचपीव्ही चाचणी मागावी.