वकील, विरजण, फणस

ताम्हिणी घाटात भर पावसात गाडी बंद पडली, इथवर ठीक होतं. पण गाडी ओढून नेणाऱ्यांच्या हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, "सर, लोकेशनचे तीन शब्द सांगा." माझ्या तोंडात तेव्हा तीनच शब्द होते आणि तिन्ही बाईमाणसाला ऐकवण्यासारखे नव्हते.

एका ॲपनं म्हणे पृथ्वीचे ३ बाय ३ मीटरचे ५७ लाख कोटी चौकोन पाडून प्रत्येकाला तीन शब्द चिकटवलेत. माझ्या फोनवर मराठीत आलं, 'वकील, विरजण, फणस'. सांगितलं.

शेजारी कणसं भाजणारे काका कान टवकारून होते.

"फणस आता कुठला? कणीस घ्या."

"काका, पत्ता सांगतोय."

"वकिलाचा?"

"या जागेचा!"

काकांचा पंखा थांबला. "ही जागा वकिलाची न्हाई. आमच्या चुलत्याची हाये. केस चालूय, पण वकिलाची कशी होईल?" मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून, "तुम्ही मोजणीवाले का?"

"नाही हो!"

"मग विरजण कशाला म्हनला?"

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात बाई म्हणाली, "सर, इंग्लिशमध्ये सांगा ना." भाषा बदलली, तर शब्द भलतेच. शेवटचा 'पिलोज'.

"पिलो?"

"पिलोज! ज!"

"सर, तुम्ही अर्जेंटिनात दिसताय. तिथे आपली सर्व्हिस नाहीये."

म्हटलं, बाई, सरळ अक्षांश-रेखांश घे. तर "सिस्टीममध्ये आकडे जात नाहीत." अरे! पाचव्या दशांशाचा अंक चुकला तर माणूस फार तर दहा मीटर हुकतो. इथे एक 'ज' गिळला की समुद्र ओलांडतो. अक्षांशाचा आकडा वाढला की उत्तरेला सरकलो एवढं तरी कळतं. फणसाच्या शेजारच्या चौकोनात काय आहे, ते फणसालाही ठाऊक नाही. माझी गाडी पावणेचार मीटरची, म्हणजे बॉनेट एका पत्त्यावर आणि डिकी दुसऱ्या. दरीत कोसळलो असतो तर दोन ॲम्ब्युलन्स मागवाव्या लागल्या असत्या. शिवाय शब्दांचं कोष्टक खाजगी मालकीचं. आपल्या टपाल खात्यानं २०२५ मध्ये जागेच्या पत्त्यासाठी दहा अक्षरी 'डिजिपिन' कोड काढला, तो निदान अक्षांश-रेखांशावरूनच बनतो. पण तो विचारतो कोण?

शेवटी काकांनीच फोन हिसकावला. "डोंगरवाडीच्या अलीकडं, कणसाची गाडी. ये."

टो वाला आला. पावतीवर 'चुकीचे लोकेशन दिल्याबद्दल' ५०० रुपये जादा. आणि काकांनी माझा नंबर घेतलाय. केसच्या पुढच्या तारखेला साक्षीला यायचंय म्हणे.