मीटर बरोबर आहे, पाणी फुगलंय

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तक्रार अशी, की माझं ऐकून तुम्ही बिअरच्या पाण्यासाठीचा टर्बाइन मीटर (पाण्याने फिरणाऱ्या पंख्याचा) काढला, मॅगमीटर (चुंबकीय क्षेत्राने प्रवाह मोजणारा) बसवला, ७८ अंशांचं पाणी मीटरवर १०० दिसेपर्यंत ड्रममध्ये घेतलं आणि काट्यावर ते ९७ किलोच भरलं. जुना टर्बाइन मात्र किलोला किलो जुळायचा. म्हणजे पैसे पाण्यात.

पाण्यातच गेलेत, पण वाया नाही! ७८ अंशांना एक लिटर पाण्याचं वजन साधारण ९७३ ग्रॅम असतं. मॅगमीटर लिटर मोजतो, किलो नाही. तुमच्या काट्याने त्याला पासच केलंय.

मग टर्बाइन कसा जुळायचा? माझाही जुळायचा. बोअरचं पाणी, वर्षभर वापर. एकदा उघडला तर पात्यांवर आणि पिनेभोवती पांढरी खपली, नखाने निघेना. पंखा जड झाला की कमी फिरतो. मीटरवर १०० येईपर्यंत आत दोन-तीन लिटर जास्तच गेलेले असतात. गरम पाण्याची तूट आणि क्षारांची चूक एकमेकींना झाकत होत्या. सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून साफ केला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो 'बिघडला'. तुमचाही उघडून बघा.

मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेलं माल्ट, घट्ट झाला, हे मात्र खरं, आणि ती चूक माझी. रेसिपीतले ४०० लिटर थंड पाण्याचे, म्हणजे ४०० किलो, हे मी लिहायला हवं होतं. ७८ अंशांना ४०० वर व्हॉल्व्ह बंद केला तर ११ किलो पाणी कमी पडतं. ४११ द्या. स्ट्राइकचं, म्हणजे माल्टवर पहिलं ओतायचं पाणी ७२ ला घेत असाल तर ४१० पुरे.

आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून मॅगमीटरला लागते तेवढी वीज त्यातून वाहील का, ही काळजी सोडा. बहुतेक मॅगमीटरना ५ मायक्रोसीमेन्सच्या आसपास वाहकता पुरते, आणि तुम्ही तर टाकीतच जिप्सम, म्हणजे क्षारच, घालता. लायनिंगबद्दल (मीटरच्या आतलं अस्तर) तुमचं म्हणणं मान्य: सफाईचं गरम कॉस्टिक त्याच पाइपातून फिरवणार असाल तर टेफ्लॉनचंच घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण फोटोत दिसली. मीटर पंपाच्या आधी, सक्शनला आहे. इतक्या गरम पाण्याला तिथे बुडबुडे सुटतात आणि आकडा नाचतो. तो पंपाच्या पुढे, पाणी वर चढतं त्या उभ्या पाइपात घ्या, म्हणजे पाइप कायम भरलेला राहील. मग पुन्हा ड्रम भरा. या वेळी काटा १०० दाखवायला लागला, तर मात्र लगेच कळवा.