सभेला या की हो!

दरवर्षी तेच. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. मी 14 दिवस आधी फलकावर नोटीस लावते, घरोघरी अहवाल देते, सही घेते. यंदाही गच्चीवर 60 खुर्च्या मांडल्या. सभासद 64, आले 11! तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघे धरत, काठी टेकत वर आल्या आणि धडधाकट माणसं खाली टीव्हीसमोर. गणपूर्तीला 20 जण लागतात. हजेरीचं रजिस्टर उघडं, त्यात पेन अडकवलेलं, आणि आम्ही जिन्याकडे डोळे लावून बसलेलो. अर्धा तास वाट पाहिली, सभा तहकूब केली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून मग त्याच 11 जणांनी साडेचार लाखांचं वॉटरप्रूफिंग मंजूर केलं. नियमात बसतं, पण मला ते मनापासून खटकतं. पैसा सगळ्यांचा आहे ना?

आणि कोजागरीला? त्याच गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. 25 लिटर दूध कमी पडलं. या, जरूर या, पोराबाळांना घेऊन या, त्या रात्रीसाठी मीही वर्षभर थांबते. पण मसाला दुधाचा पेला हातात धरून ‘एवढा खर्च कोणाला विचारून केलात?’ असं मला विचारू नका. तुम्हालाच विचारायला बोलावलं होतं. नोटिशीवर तुमची सही आहे.