गलाईवाल्यांच्या तालुक्यात घुसखोरांची भीती

चुलतभावाशी फोनवर वाजलं, ते डोक्यातून जाईना. सांगलीच्या खानापूर तालुक्यात, विट्याजवळ त्याची द्राक्षबाग आहे. "घुसखोरांनी देश पोखरलाय," तो म्हणाला. १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधान लाल किल्ल्यावरून तेच बोलले होते: घुसखोर तरुणांची रोजीरोटी हिसकावतात, लेकीबाळींना लक्ष्य करतात, आदिवासींच्या जमिनी बळकावतात.

सीमा राखा, कागद तपासा, माझी ना नाही. पण २०१६ मध्ये केंद्र सरकारनं राज्यसभेत बेकायदा बांगलादेशींचा आकडा सांगितला दोन कोटी. आसामात सव्वातीन कोटींवर लोकांचे कागद तपासून झाले, तर २०१९ च्या नागरिकांच्या यादीबाहेर राहिले १९ लाख. त्यांत हिंदूही पुष्कळ निघाले, तेव्हा तिथल्या सत्ताधारी पक्षानंच यादी नाकारली. भाषणं तीच राहिली. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले काही बंगाली मजूर बांगलादेशात ढकलले गेले. ते भारतीयच निघाले आणि परत आणावे लागले.

हे खानापूर तालुक्यातल्या माणसाला मी समजवायचं? दुष्काळानं आमची घरंच्या घरं बाहेर पडली. केरळ, तमिळनाडू, बंगाल, कुठंही सराफ पेठेत जा, जुन्या दागिन्यांची मोड वितळवणारा गलाईवाला आपल्याकडचा भेटतो. माझे थोरले चुलते तमिळनाडूत भट्टी लावायचे. मुशीत सोनं, वर टाकणखार, छपराखाली आम्लाचा पिवळा धूर. गावात चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्या दारात. का, तर बाहेरचा माणूस.

आता बाहेरचा मी, ब्रिटनमध्ये. मे २०२५ मध्ये इथले पंतप्रधान स्टार्मर म्हणाले, ब्रिटन अनोळखी लोकांचं बेट होण्याचा धोका आहे. त्याच दिवशी सेटलमेंट, म्हणजे कायम राहायची परवानगी, पाचाऐवजी दहा वर्षांनी देण्याचा प्रस्ताव आला. व्हिसावर राहून सरकारी आरोग्यसेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज भरणाऱ्या माझ्यासारख्याला ते किती लागलं, ते मलाच ठाऊक. तरी पुढच्या महिन्यात त्यांनी त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. आणि भारतीय पासपोर्टवर मी इथं खासदार निवडायला मत देतो. आपल्याकडं असा खेद कुणी व्यक्त केलेला मला तरी आठवत नाही.

"तू गेलास बाहेर. इथलं तू सांगू नगंस," भाऊ म्हणाला. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, यात्रेची वर्गणी चुकवलेली नाही. इथं दहा वर्षं थांब म्हणतात, तिथं तू गेलास म्हणतात. मग मी कुठला? हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, आणि म्हणूनच लाल किल्ल्यावरच्या त्या भाषणाची मला इतकी चीड येते.

ऑक्टोबर छाटणीसाठी त्यानं बिहारच्या टोळीला उचल दिलीय. छाटणी, विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, सगळं तीच पोरं करतात. त्यांना कुणी अडवलं तर आधार कार्डं घेऊन हाच माणूस ठाण्यात धावेल, याची मला खात्री आहे. तेच त्यानं पारावर, चारचौघांत बोलावं. माझं भांडण तेवढंच आहे.