"स्वभावच तसा आहे" हे निदान कुणी केलं?

"ती पहिल्यापासूनच अशी, कशातच फारसा उत्साह नसतो तिला." कुणाबद्दलही असं सहज बोललेलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझ्याबद्दल वर्षानुवर्षं हेच बोललं गेलं आणि मलाही ते पटलेलं होतं.

नैराश्य म्हटलं की अंथरुणातून न उठणारा, जेवणखाण सोडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. तसं असतंच. पण एक प्रकार असाही असतो, ज्यात माणूस कामावर जातो, बिलं भरतो, चारचौघांत हसतोसुद्धा. माझंच सांगते. आंघोळ करून ओला टॉवेल खांद्यावर टाकून पलंगाच्या कडेला बसायचे, आणि कुठले कपडे घालायचे एवढं ठरेपर्यंत अर्धा तास गेलेला असायचा. रडू नाही, डोक्यात विचारही नाही, नुसतं बसणं. पण ऑफिसला वेळेवर पोचायचे, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

याला डिस्थायमिया म्हणतात. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 मध्ये (मानसिक आजारांचं निदान करायला डॉक्टर वापरतात ते अमेरिकन पुस्तक) त्याला पर्सिस्टंट डिप्रेसिव्ह डिसऑर्डर या नावाखाली घेतलं. मोठ्या माणसांत किमान 2 वर्षं आणि मुलांत किमान 1 वर्ष, बहुतेक दिवस मन उदास असणं ही मुख्य खूण. मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचिडही असू शकते. सोबत भूक, झोप, थकवा, स्वतःबद्दलचं मत, एकाग्रता, पुढची आशा यांपैकी किमान दोन ठिकाणी गडबड. आणि एवढ्या काळात सलग 2 महिन्यांहून जास्त बरे गेलेले नसतात.

मला तरी ही शेवटची अट सगळ्यात बोलकी वाटते. डॉक्टरांनी "काय त्रास होतो?" विचारलं तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. मग त्यांनी विचारलं, "सलग दोन-तीन महिने छान गेले, असं शेवटचं कधी झालं?" मी नोकरी आठवली, कॉलेज आठवलं, पार दहावीपर्यंत मागे गेले. असा काळ सापडला नाही.

"सौम्य आहे हो" म्हणून हा आजार बाजूला सारतात, त्याचा मला राग येतो. तीव्रता कमी असेल, पण वर्षं किती खातो! शिवाय त्याच्यावर मोठ्या नैराश्याचा झटकाही येतो, त्याला डबल डिप्रेशन म्हणतात. झटका ओसरला की घरचे "झाली बरी" म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात ती बरी झालेली नसते, जुन्या उदासीत परत आलेली असते.

याचंच भावंड म्हणजे सायक्लोथायमिया. त्यात मन कधी खाली, कधी नेहमीपेक्षा वर. वरचे दिवस कुणाला खुपत नाहीत, उलट कौतुकच होतं. पण कमी झोपूनही ताजंतवानं वाटणं, भरमसाट बेत आखणं, सुसाट बोलणं असे दिवस येऊन गेले असतील, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना आपणहून सांगा. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन गरजेपेक्षा वर उसळू शकतं.

उपचारांआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासून घेतलेलं बरं, कारण तिथली गडबडही अशीच दिसू शकते. गोळ्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. दहा दिवसांत "फरकच नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटल्यावर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. इतक्या जुन्या दुखण्यात गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही लागतात, असं माझं मत आहे. समुपदेशनातली एकच गोष्ट सांगते: "मूड आला की करू" हा क्रम उलटा करायचा. आधी ठरलेल्या वेळी चालायला निघायचं, मूड मागून आला तर आला. (कृतज्ञतेच्या वह्या मला झेपल्या नाहीत. ज्यांना झेपतात त्यांनी खुशाल लिहाव्यात.) रोज किती झोपले आणि दहापैकी मन किती, एवढे दोनच आकडे मी लिहिते. डॉक्टरांसमोर बसल्यावर मागचा महिना कसा गेला, हे आठवणीपेक्षा ते आकडे नीट सांगतात.

मरणाचे विचार येत असतील तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, आणि दवाखाना गाठा.

"अजून गोळ्या चालू आहेत?" असं लोक विचारतात. हो, आहेत. हल्ली पुस्तकाचं पान एका वाचनात कळतं, आणि कपडे निवडायला दोन मिनिटं पुरतात. डोस कमी करायचा की नाही, ते पुढच्या भेटीत डॉक्टर आणि मी मिळून ठरवू.