५,३१० रुपयांचं व्हेज कोल्हापुरी

पुण्याला बिझनेस सेमिनारला जातोय म्हटल्यावर आबांनी एकच विचारलं, "तिथं काय देत्यात?"

"ज्ञान."

"आन् जेवान?"

"तेपण आहे."

"मग जेवून ये," म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतात, मशीनिंग करून आम्ही ती परत धाडतो. आबांच्या जगात प्रत्येक गोष्टीला तासाचा रेट. व्हीएमसी मशीन तासाला साडेचारशे, आणि माणूस फुकट बसला तर तोही त्याच रेटने बुडीत. त्यात सेमिनारची फी ४,५००, वर १८ टक्के जीएसटीचे ८१०, म्हणजे ५,३१०. जीएसटी नंबर दिला की त्या ८१०चं क्रेडिट मिळतं, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. "बरं झालं," आबा म्हणाले, "आता उरलेलं साडेचार हजार वसूल करून ये."

हा 'वसूल' शब्द डोक्यात घेऊन पहाटे चारला गाडी काढली. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर. प्रत्येक टोलनाक्यावर फास्टॅगचा मेसेज वाजला की वाटायचं, आबांचाच आला.

बाणेरच्या हॉटेलात पोचलो तर गळ्यात बिल्ला अडकवला. त्यावर गावाचं नाव 'शिरोळ'. मी म्हटलं, शिरोळ तालुक्याचं गाव, मी शिरोलीचा. काउंटरवरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, "सर, एकच ना?" मी वाद घातला नाही. पेन, पॅड आणि कापडी पिशवी घेतली, मग दुसऱ्या काउंटरवर जाऊन आणखी एक पेन घेतलं. वसुलीला सुरुवात झाली होती.

पहिल्या वक्त्याच्या गालाला माइक चिकटलेला. "किती जणांना करोडपती व्हायचंय?" सगळ्यांचे हात वर. माझ्या पुढच्या गृहस्थाचं घड्याळ बघता तो कधीच होऊन गेला असावा, पण हात त्याचाही वर. मग हुकूम झाला की उभे राहा, शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघा आणि ओरडा, "तू वाघ आहेस!" माझ्या शेजाऱ्याने मला वाघ म्हटलं आणि त्याच श्वासात विचारलं, "वाघाचा टर्म इन्शुरन्स झालाय का?"

चहापर्यंत माझ्या खिशात एकतीस कार्डं जमली. विम्याची नऊ, वेबसाइट करून देणाऱ्यांची सात, कर्ज मिळवून देणाऱ्यांची पाच, आणि एक होतं असलीच सेमिनारं भरवायला शिकवणाऱ्याचं. अख्ख्या हॉलमध्ये सगळे विकायलाच आलेले. मीही विकायलाच गेलो होतो, त्यामुळे तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

जेवणाच्या रांगेत मात्र माझी सहनशक्ती संपली. पनीर, डाळ, जिरा राइस आणि चौथ्या भांड्यावर पाटी, 'व्हेज कोल्हापुरी'. झाकण उचललं. केशरी तेलात फ्लॉवर आणि गाजर एकमेकांची ओळख नसल्यासारखे पडलेले. आता हा पदार्थ कोल्हापुरात कुणाच्या घरी शिजतो, हे मला जन्मात कळलेलं नाही. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "ह्यो कुठला कोल्हापुरी!" आणि त्याच क्षणी पलीकडून डाव धरलेला एक हात थांबला. "व्हय की," आवाज आला, "आमच्यात असलं म्हशीला घालत न्हाईत."

"तुम्ही कुठले?"

"कोल्हापूर. तुम्ही शिरोळचं काय?" त्याने बिल्ला वाचला.

"ते चुकलंय. शिरोली."

"आं? शिरोलीत कुठं?"

"एमआयडीसीत."

"मीबी. कुठली लाइन?"

आम्ही ताटं हातात धरून नकाशा काढत गेलो. वजनकाटा, त्याच्या पुढचा चहाचा गाडा, निळं गेट. त्याची शेड आमच्या बरोबर पाठीमागे. मधे एक भिंत आणि एक शेवग्याचं झाड. सहा वर्षं त्या झाडाच्या शेंगा आम्ही खातोय, झाड त्याचं. रांगेतले मागचे लोक खोकायला लागले तेव्हा आम्ही बाजूला झालो. बोलता बोलता कळलं की त्याच्याकडे सिलिंड्रिकल ग्राइंडर, म्हणजे गोल पार्ट घासून मापात आणणारं मशीन, आहे आणि तो निम्मा आठवडा रिकामा असतो. आमचं ग्राइंडिंग टेम्पो भरून गोकुळ शिरगावला जातं, अख्खं कोल्हापूर ओलांडून.

जेवणानंतर, म्हणजे सगळे पेंगत असताना, एका सीएला वीस मिनिटं दिली होती. दिवसभरात कामाचं बोलला तो एवढाच. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५. १ एप्रिल २०२४पासून, उशीर केलेल्या पार्टीला, म्हणजे पैसे देणं असलेल्या गिऱ्हाइकाला, तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. शिवाय या उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याप्रमाणे उशिरावर व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. 'तिप्पट' ऐकून आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून हसलो. व्याज मागायला फोन केला तर पुढची ऑर्डर कोण देणार? पण ते ४५ आणि १५ मी फुकटच्या पेनने फुकटच्या पॅडवर लिहून घेतलं. आमची एक पार्टी ११० दिवसांवर आहे.

शेवटी दिवे मंद झाले, संगीत वाढलं आणि तीन दिवसांचा 'ॲडव्हान्स' प्रोग्रॅम आजच्या आज निम्म्या दरात जाहीर झाला. दाराशी स्वाइप मशीन घेऊन दोन मुलं उभी होती. आम्ही स्वयंपाकघराच्या बाजूने बाहेर पडलो.

तो बसने आला होता, परत माझ्या गाडीतून आला. डिझेलचे निम्मे पैसे त्याने दिले, ग्राइंडिंगचा रेट कराड येईपर्यंत ठरला आणि किणीला चहा मी पाजला.

रात्री अकराला आबा जागेच होते. मी दोन्ही पेनं टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ग्राइंडर, निम्मं डिझेल, वाचलेला टेम्पो. आबा ऐकत होते.

"मागल्या शेडचा म्हंजे दत्तू मिस्त्रीचं पोरगं न्हवं?"

"हो, तोच."

"आरं, भितीवरनं हाक मारली असतीस तर आला असता की." मग थोडं थांबून त्यांनी एक पेन उचललं, पेपरच्या कडेला ओढून बघितलं. ते उमटलं नाही.