सोक्षमोक्षवाल्यांना, मेट्झहून

सीमेवर काही घडलं की आमच्या शाळेच्या ग्रुपवर तासाभरात ठरलेला मेसेज येतो : ‘आता थांबायचं नाही, एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाका.’ लिहिणारा पुण्यात, एसीत. मी फ्रान्समध्ये, मेट्झला. इथून गाडीने तासाभरावर पहिल्या महायुद्धातलं रणांगण व्हर्डन आहे, म्हणून मला ते जास्त झोंबतं.

1916 च्या फेब्रुवारीत जर्मनांनी तिथे हल्ला चढवला. माणसं मारून मारून फ्रान्सला खिळखिळं करायचं होतं, असं त्यांच्या सेनाप्रमुख फाल्केनहाइनने युद्धानंतर लिहिलं. तो खरंच बेत होता की मागाहूनची सारवासारव, यावर इतिहासकार अजून भांडतात. लढाई दहा महिने चालली. फ्रेंच सेनापती पेताँने डिव्हिजना रहाटगाडग्यासारख्या फिरवल्या, त्यामुळे फ्रेंच फौजेतल्या बहुतेक डिव्हिजना तो चिखल तुडवून आल्या. फ्लरी हे गाव सोळा वेळा या हातातून त्या हातात गेलं. दोन्हीकडचे मिळून तीन लाखांच्या आसपास मेले, आणि डिसेंबरात आघाडी बरीचशी होती तिथेच! फ्लरीत आज कुणीही राहत नाही. मेअर मात्र आहे, प्रीफेक्ट म्हणजे इथला जिल्हाधिकारी नेमतो. त्या जंगलात अजून तोफगोळे सापडतात. लावा सोक्षमोक्ष.

‘तिकडे बसून साताऱ्याला लढाई शिकवू नकोस,’ असं उत्तर येतं. साताऱ्याकडच्या अपशिंग्याने, त्या फौजींच्या गावाने, पहिल्या महायुद्धापासून पोरं दिलीत, हे मलाही ठाऊक आहे. पण फौजी घरातला आमचा वर्गमित्र अशा वेळी ग्रुपवर अक्षर लिहीत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

फ्रेंचही काही संत नाहीत. 1917 मध्ये ‘आता आणखी हल्ले नकोत’ म्हणून अडून बसलेल्या आपल्याच काही सैनिकांना त्यांनी गोळ्या घातल्या. हे मी ग्रुपवर टाकत नाही. मुद्दा पातळ होतो.

11 नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दिवशी, शेजारच्या आजींबरोबर स्मारकापाशी जातो. त्यांचे आजोबा जर्मन गणवेशात लढले, कारण मेट्झ तेव्हा जर्मनीत होतं. तरी आजींना कुणी विचारत नाही, तुम्ही नक्की कुठल्या. मला दोन्हीकडे विचारतात.

नागरिकत्वाचा अर्ज भरून ठेवलाय. मंजूर झाला की भारतीय पासपोर्ट जाणार. सीमेवर धुमश्चक्री सुरू झाली की मीही रात्री तीनपर्यंत मराठी चॅनेलं बघत बसतो, आणि त्या आठवड्यात त्या फायलीला हात लावत नाही. पुणेकराला हे कळलं तर म्हणेल, मग आमच्यासारखंच लिही की. ते मात्र हातून होत नाही.